सुराजची फोड

आमच्या वितस्तेकाठच्या आळीत भट्ट लोठक राहायचे. धंदा मेलेल्या राजांचा. कुणाला विष घातलं, कुणाला सख्ख्या काकानं नदीत ढकललं, हे सगळं ते भूर्जपत्रावर श्लोकांत लिहीत आणि निखाऱ्यांची कांगडी पोटाशी धरून त्या राजांना दम भरत. "अरे गाढवा, मेहुणा एवढा गोड बोलतोय, तेव्हाच ओळखायचंस!" मेलेले राजे ऐकून घेत. जिवंत राजासमोर मात्र भट्टजींच्या जिभेचं लोणी व्हायचं.

ग्रंथ आताच्या महाराजांपर्यंत आला होता. तो भर दरबारात वाचला जावा, एवढी एकच हाव त्यांना उरली होती. नेमका स्तुतीचा श्लोक अडला. त्यांचा मेहुणा थक्कन शेजारीच अक्रोड फोडत बसला होता.

"दाजी, 'सुराज' घाला. सु-राज, चांगला राजा."

"व्याकरणानं 'सुराजा' होतं रे."

"मग छंद मोडतो. आणि महाराजांना व्याकरण कधीपासून यायला लागलं?"

भट्टजी खो-खो हसले. "नोनिके, तुझा भाऊ हुशार निघाला गं! माझ्या वाट्याची कमळकाकडी वाढ त्याला."

वाचनाला मीही सभेत मागे बसलो होतो. श्लोक झाला, महाराज डोलू लागले. तोच थक्कन हात जोडून उठला.

"क्षमा असावी. आमच्या दाजींसारखा व्याकरणी 'सुराजा' सोडून 'सुराज' उगाच लिहील? पद निराळं फोडून बघावं. सुरा म्हणजे दारू. अज म्हणजे बोकड."

महाराजांनी हातातला पेला खाली ठेवला आणि दाढी कुरवाळली. तीही नेमकी बोकडासारखीच होती.

"शब्द त्याचा आहे! त्यानंच दिला!" भट्टजी ओरडले. सभा हसली. असला बेमालूम श्लेष करायचा आणि वर मेहुण्यावर ढकलायचा! ग्रंथ अंगावर फेकला गेला, दरबारातलं आसन गेलं. दुसऱ्या दिवशी त्या आसनावर थक्कन बसला.

खरी गंमत पुढंच. गावानं भट्टजींना डोक्यावर घेतलं. नावाडी हाक मारत, "भट्टजी, छाती पाहिजे हो!" आळीतल्या यच्चयावत बोकडांचं नाव सुराज पडलं. जन्मभर घासून लिहिलेले श्लोक मात्र कुणी विचारीना.

शिवरात्रीला थक्कन नवी शाल पांघरून बहिणीकडं जेवायला आला.

"दाजी, केवढी कीर्ती झाली तुमची! आभार तरी माना."

नोनिकेचा डाव भांड्यातच थांबला.

"श्लेष झकास होता रे," भट्टजी हळूच म्हणाले. "मला आधी सांगितला असतास, तर मीच घातला असता. निदान गुन्हा तरी माझा झाला असता."

मग कांगडी घेऊन ते ग्रंथाची जुनी पानं पुन्हा लिहायला बसले. पानावर मेहुण्यानं बुडवलेला एक जुना राजा होता. त्याला ते गाढव म्हणाले नाहीत.

"सरक बाबा जरा," म्हणाले.