रांगेतलं दिव्य

दोन हजार सहा सालचा पौष. कळंबच्या रस्त्यावर, कापूस विकायला खरेदी केंद्राबाहेर आमच्या बैलगाड्यांची लांब रांग लागली होती. रांगेत बसलेला माणूस बोलतो, आणि बोलला की किस्से साठतात. कापसासारखेच! त्या रांगेत जो येई तो काहीतरी 'दिव्य' घेऊन येई. मी विश्वास ठेवत नसे.

एक टोपीवाला दिव्य औषध विकायला आला.

"काका, एक फवारा मारा, बोंडअळी पुन्हा दिसणार नाही!"

"तुह्या वावरात मारलं काय?"

"मला शेती नाही, काका."

"मंग तुले अळी कुठून दिसन!"

मग पोपटवाला ज्योतिषी. त्याला दिव्य दृष्टी होती म्हणे. माझा हात बघत बसला, तेवढ्यात उघड्या पिंजऱ्यातून पोपट उडाला.

"महाराज, तो कुठी गेला थे पाहून सांगा," मी म्हणालो.

चहावाला नामदेव वेगळाच. त्याचा चहा घेऊन मी म्हटलं, "नामदेवा, दिव्य चहा केला रे!" त्यानं खूश होऊन दुसरा कप फुकट दिला. तोही प्यावा लागला!

माझ्या पुढची गाडी तांड्यावरच्या धनसिंगची. एका पहाटे तो गाडीवर बाटलीतलं पाणी शिंपडताना दिसला. वजन वाढवायला कापूस ओला करणारे कमी नव्हते. एक गाडी ओली निघाली की कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर मागच्या सगळ्यांचा भाव पाडायचा. मी माणसं गोळा केली.

"याडीनं देवीचं पाणी देल्लं, दादा. चाकावर शिंपडलं फक्त." याडी म्हणजे त्याची आई.

"आई सगळ्यायलेच असते. दिव्य कर!"

दिव्य म्हणजे चारचौघांत खरेपणा दाखवून देणं, आमच्याकडची जुनी रीत. मला वाटलं, बैलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेईल.

त्यानं शपथ घेतली नाही. ताडपत्री अंथरली आणि तुडवून भरलेला सगळा कापूस खाली ओढला.

"घाला हात, दादा. तळापर्यंत घाला."

घातला. कोरडा ठणठणीत.

रांगेचा नियम कडक. गाडी रिकामी झाली की नंबर गेला. पुन्हा शेवटी उभं राहायचं. धनसिंगच्या बैलांचा कडबा संपत आला होता. तो पुन्हा गाडी भरू लागला. मी चढलो आणि कापूस तुडवू लागलो.

दुपारी फाटकातून माझं नाव पुकारलं.

"धनसिंग, माह्या नंबरवर तू हाक," मी म्हणालो.

"आन् तुमी, दादा?"

मी माझे बैल वळवले आणि गाडी रांगेच्या शेवटी नेऊन उभी केली.