वांगं कशावर भाजलं?

एक होतं शहाद्याजवळचं गाव. तिथं राहायची एक म्हातारी, म्हणजे मी, अन् तिचा नातू नीलेश. केळीचा बागायतदार, स्वभावानं सोनं, तिशी उलटलेला, अन् बिनलग्नाचा! मोबाइलवर मुली बघायचा नाद त्याला अन् त्याच्या दोस्तांना लागला, तेव्हापासून आमच्या ओट्यावर किस्से जमायला लागले. केळीच्या घडाला कशा एकीखाली एक फण्या येतात, तसे!

मला अक्षर येत नाही. पोरं वाचून दाखवतात, निकाल मी देते.

नीलेश आधी सगळ्या मुलींना नुसतं 'हाय' पाठवायचा. एकीचाही जवाब नाही.

मी म्हटलं, "अरे, कोनाबी दारसामने उभं ऱ्हाईसन नुसतं 'ओ' करशी, तं कोन दार उघडी? काही तं बोल!"

त्यानं मान डोलावली. दुसऱ्या दिवशी विचारलं, काय पाठवलं?

"हाय, नीलेश."

त्याचा दोस्त राजू हुशार. त्यानं पहिल्याच मेसेजात सगळं घातलं: बारा एकर बागायत, दोन बोअर, ट्रॅक्टर, स्लॅबचं घर, रस्त्याला लागून.

मुलीनं लगेच लिहिलं, "छान आहे. विकायला काढलंय का?"

दुसरा दोस्त गोटू, त्याची तर कमालच! आमच्याकडे माणूस भेटला की आधी गाव विचारायचं, मग मामाचं गाव. गोटूनं मुलीलाही तेच विचारलं. तिनं सांगितलं. हा उडालाच! "अरे, तिथं तर माझी आत्या दिलेली आहे!" मग कोणतं घर, कोणती गल्ली, दोघांचं अस्सं जमलं! गोटू ओट्यावर पेढे वाटायच्या बेतात. तेवढ्यात मोबाइल वाजला.

"अहो, तुमची आत्या म्हणजे माझ्या आईची आई! नमस्कार मामा!"

गोटूचा चेहरा पडला. "मोठी माय, आता काय करू?"

"काय करशी? भाचीना लगीनमा आहेर कर!"

हसलो खूप. पण नीलेशची आई हसेना. लोकांच्या हळदीला जाणंच तिनं सोडलं होतं. जिथं जावं तिथं एकच, "तुमन्हा नीलेशनं कधी?" नीलेशही म्हणायला लागला, "जाऊ दे आजी, शेतकऱ्याला कोण देतं पोरगी."

मला राग आला. पोरीनं फोटो लावला म्हणजे त्यात काहीतरी दाखवलंय ना? दाखवलंय म्हणजे कुणी विचारावं असं तिला वाटतंय. ते सोडून ही पोरं स्वतःचीच टिमकी वाजवतात! पहिलं बोलणं असं हवं, की समोरच्याला सांगायला आवडावं. एवढंच तर आहे!

मग तळोद्याची एक नर्स पसंत पडली. फोटोत चुलीपुढं बसलेली, हातात भरताचं वांगं. नीलेश दुपारपासून मोबाइल धरून बसलेला. लिहायचा, पुसायचा. लिहायचा, पुसायचा. पोरगी हातची जाते की काय, म्हणून त्याची आई दारात उभी.

शेवटी माझ्यानं राहवेना. "अरे बावळा! तिना हातमा इतलं मोठं वांगं दिसी ऱ्हायनं, तेच इचार ना! 'कशावर भाजं व माय, गॅसवर का कपाशीना काड्यासवर?' तोंडले पानी सुटनं म्हन! कितला लाजस रे, तुन्हा आजा बी इतला लाजे ना!"

नीलेश पांढराफटक. "आजी... अंगठा माइकवर होता. तुझाच आवाज गेला!"

"मंग परत बलाव!"

"ऐकला तिनं."

मग मोबाइल वाजला. नीलेशनं अडखळत वाचलं:

"आजींना सांगा, काड्यांवरच. गॅसवरचं भरीत आमच्याकडे कुणी खात नाही. आणि तुम्ही काय विचारणार होतात?"

यंदा आमच्याच दारात हळद लागली, अन् नीलेशची आई सगळ्यांच्या पुढं नाचली. सून घरात आली. चुलीवर वांगं भाजताना ती अजून नीलेशला विचारते, "सांगा ना, तुम्ही काय विचारणार होतात?"

तो अजून लिहितोय, पुसतोय!