रशीदचाचांचा शेरा

कुणी "चाचा, एक चित्र तपासायचं होतं" म्हणालं, की रशीदचाचा चित्राकडे न पाहता आधी इंटरनेटची वायर उपटत. मलकापुरात त्यांचं लग्नपत्रिका छापायचं दुकान होतं. आमच्या घरची, कामगार संघटनेची पत्रकंही तिथंच छापली जात. त्यांच्या ओल्या शाईवरच मी वाचायला शिकलो. चाचांना जाऊन आता वर्ष झालं.

साठीनंतर त्यांना संगणकावरची चित्रं तपासायचा नाद लागला. अशी चित्रं ब्लॉकचेनवर, म्हणजे हजारो संगणकांवर एकसारख्या असलेल्या आणि कुणालाच खोडता न येणाऱ्या वहीत, कायमची ठेवली आहेत असं विकणारे सांगतात. पुष्कळदा त्या वहीत चित्र नसतंच. ते कुठल्या कंपनीच्या संगणकावर आहे, तेवढा पत्ता असतो. कंपनी बुडाली की चित्र गेलं. चाचांनी ती अख्खी वही एका डिस्कवर उतरवून घेतली होती. वायर काढल्यावर तिच्यातून चित्र उभं राहिलं तर शेरा 'पूर्ण'. काही गळालं तर 'अर्धं'. नाहीतर 'नुसता पत्ता'. एक दलाल फोनवर गयावया करू लागला, "अर्धं तरी लिहा." चाचा म्हणाले, "पत्ता लेहून घर बांधून होते काय बे?"

माझी मैत्रीण वैशाली जिनिंगमधल्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यातल्या मजूर बाईची लेक. तिनं कापसाच्या ढिगाचं चित्र केलं. त्यातलं प्रत्येक बोंड म्हणजे एका बाईचं नाव. कारखान्याच्या हजेरीत ही नावं कधीच नव्हती. मुकादमाच्या नावाखाली 'बाया बावीस' एवढंच. माझ्या कुठल्याही पत्रकापेक्षा ते चित्र जहाल होतं. चाचांनी वायर काढली, बावीस नावं मोठ्यानं वाचली आणि शेरा दिला: पूर्ण.

बाया चित्र पाहायला आल्या. दुकानात जागा पुरेना, म्हणून चाचांनी डिस्क शेजारच्या शिकवणीतल्या संगणकाला जोडली. पडद्यावर नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि टिंबांचा कचरा उमटला. वैशालीची आई कमलाबाई पुढं झाली.

"माह्यं नाव कोठी हाय वं? दिसून नाही राह्यलं."

चूक काय ते चाचांच्या ध्यानात आलं. वैशालीनं नावं त्यांच्याच दुकानातल्या, पत्रिकांच्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाकली होती. अक्षरांचे आकार वहीत नव्हते, चाचांच्या संगणकात होते. वायर काढून त्यांनी सगळं जग तोडलं होतं, पण स्वतःचं दुकान तोडायचं राहिलं.

मी हळूच म्हणालो, "चाचा, नवं चित्र टाकू. जुना शेरा कोण पाहते?"

"काऊन? मालकाचं खोटं छापाले पत्रक, अन् चाचाचं झाकाले चादर?"

त्यांनी सगळ्यांसमोर नवा शेरा लिहिला: 'अर्धं. चूक तपासणाऱ्याची.'

मग वैशालीनं फॉन्ट टाकून दिला आणि प्रत्येक अक्षर रेषेरेषेनं काढायला घेतलं. चाचा बाजूला बसून सांगत, "'ळ'चं पोट भर, पोरी. उपाशी दिसून राह्यला." नवं चित्र वहीत गेलं, तेव्हा त्यांनी जळगाव जामोदहून पुतण्याचा संगणक मागवला आणि त्याला बजावलं, "मराठीचं एक अक्षर ठेवू नको त्यात."

बाया पुन्हा जमल्या. दोनच नावं आली आणि पडदा थबकला. वैशालीनं माझा दंड घट्ट धरला. मग नावं धडाधड उमटत गेली, ढीग वरवर चढत गेला.

"हे मी!" कमलाबाईनं बोट टेकवलं.

"अवं शांते, तू माह्या डोक्यावर काऊन बसली?" मागून कुणीतरी ओरडलं, आणि हशा रस्त्यापर्यंत गेला.

चाचांनी बावीस नावं मोजली, चष्मा पुसून पुन्हा मोजली, आणि लिहिलं: पूर्ण.

कमलाबाईनं विचारलं, "चाचा, हे आता मालकाले पुसता येईन काय?"

"मालकाले?" चाचा म्हणाले. "बाई, हे आता मले बी पुसता येत नाही."