जावयाचं नाव तोंडातून निघंना

बायांनो, वाचता येतं तिनं ही चिठ्ठी मोठ्यानं वाचून दाखवा. लेकीला आठव्यातच कळा सुरू झाल्याचा निरोप आला, म्हणून आज सकाळी सोलापुरात उतरले. गडबडीत पत्त्याचं कार्ड माढ्यालाच राहिलं.

गिरणीची चाळ सापडली, पण खोल्या ढीगभर. लेक नवी, तिला कोण ओळखतंय? जो तो विचारतो, "जावयाचं नाव काय?" तुमाला ठाऊकच हाय, जावयाचं आणि आमच्या मालकांचं नाव एकच. ते तोंडानं कसं घेऊ? मातीत बोटानं लिहिलं, तर वाचणारं कुणी न्हाय. जीव लेकीकडं, आणि जीभ उचलंना.

दारात सुताच्या कांड्या भरत बसलेली एक तेलगू बाई म्हणाली, "अक्का, नवऱ्याचंच नाव हाय काय? मग मी नावं घेते, तुमी निस्तं लाजा!"

सूत तसंच टाकून ती उठली. "मारुती? दगडू? ज्ञानबा?"

मी खेकसले, "बाई, जरा भराभर घ्या की!"

सातव्या-आठव्या नावाला मी पदर तोंडाला लावला. तिनं हात धरून मला लेकीच्या दारात नेलं, आणि पाणी तापवायलाही तीच बसली.

अजून सुटका न्हाय. आत लेक कण्हतीय, मला बसवंना म्हणून लिहितेय. ती बाई अजून चुलीपाशीच हाय.

खरं सांगा, आपल्या गल्लीत अशी परकी बाई मुक्यावानी उभी राहिली असती, तर कोण उठली असती? मी तर दार लोटून घेतलं असतं.