अंड्याच्या नक्षीची मैलागाडी

ओरेस्त वासिल्किवचे हात बघितले की कुणालाही वाटेल, हा माणूस दगड फोडत असणार. प्रत्यक्षात तो आमच्या डोब्रोवोडाच्या आसपासच्या शेतघरांच्या सेप्टिक टाक्या उपसायचा. कॅनडातल्या सस्कॅचवानच्या या माळावर एक घर इथे तर दुसरं पार तिकडे, त्यामुळे ज्याची त्याची टाकी ज्याच्या त्याच्या अंगणात पुरलेली. ती तुंबली की घरातली माणसं एकमेकांशी बोलेनाशी होतात आणि ओरेस्तला फोन करतात. फोनवर तो आधी "हं" म्हणायचा, मग "कधीपासून?" आणि शेवटी "येतो." संपलं बोलणं. गाडी राखाडी, तिच्यावर नुसता फोन नंबर.

हिवाळ्यात जमीन गोठली की त्याचं काम थंडावायचं. मग हा आडदांड गडी स्वयंपाकघरात मेणबत्ती लावून बसायचा आणि कोंबडीच्या अंड्यावर मेणाच्या लेखणीने नक्षी काढायचा. इथल्या युक्रेनी घरांतून ईस्टरला अशी अंडी टोपलीत घालून चर्चमध्ये नेतात आणि फादर त्यांच्यावर पाणी शिंपडतात. पांढरी ठेवायची ती रेघ मेणाने झाकायची, अंडं पिवळ्या रंगात बुडवायचं, पुन्हा झाकायचं, मग नारिंगी, मग लाल, शेवटी काळा. मग आचेजवळ धरून मेण पुसलं की आतलं सगळं उजळून येतं. ओरेस्तच्या हातून अंडं कधी फुटलं नाही. मी त्याचा शेजारी, माझ्या हातून फुटलं. कौतुकाने उचललं आणि जरा दाबलं गेलं. ही अंडी आतून कच्चीच असतात आणि हे तर कुठल्या जमान्यातलं होतं! त्याची बायको सोन्या बाहेरच्या कडाक्याला न जुमानता सगळ्या खिडक्या उघडून बसली. मी माफी मागायला लागलो तर ओरेस्त म्हणतो, "काका, वासाचं मला काय सांगताय!"

पण हा छंद त्याने गिऱ्हाइकांना कधी कळू दिला नाही. "मैला उपसणाऱ्याची अंडी कोण टोपलीत ठेवेल?" म्हणायचा.

आणि मग शहरातली एक कंपनी आली. पांढरीशुभ्र गाडी, गणवेशातली पोरं, जाहिरातीत हसरे चेहरे. ओरेस्तचा फोन वाजेनासा झाला. त्याने काय करावं? त्यांचीच नक्कल केली! गाडी पांढरी रंगवली, तिच्यावर निळ्या अक्षरांत 'प्रगत द्रवकचरा व्यवस्थापन' असं लिहून घेतलं आणि फोनवर बोलायची वाक्यं पाठ केली. पलीकडच्या शेतावरच्या मिकोलाने फोन लावला तर ऐकू आलं, "नमस्कार, आज आपली काय सेवा करू शकतो?"

"कोण बोलतंय?" मिकोला म्हणाला. "ओरेस्तला बोलाव."

"मीच बोलतोय."

"हट्! ओरेस्त एवढं बोलत नाही." आणि आपटला फोन. गावभर झालं की ओरेस्तने धंदा विकला म्हणून. उरलीसुरली गिऱ्हाइकंही गेली.

त्याचा भाऊ उत्तरेला तेलाच्या खाणीत कामाला होता. तो म्हणाला, गाडी विकून टाक आणि ये. तिकडे गेलेला माणूस महिनोन् महिने घरी येत नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत. सोन्याने त्या दिवशी चहा इतक्या जोरात ढवळला की अर्धा बशीत.

"ओरेस्त, ती गाडीवरची टाकी नीट बघितलीस कधी?" ती म्हणाली.

"रोज बघतो."

"कशासारखी दिसते?"

"टाकीसारखी."

"अरे माझ्या देवा! आडवं झोपलेलं अंडं आहे ते! तळहातावर मावतं तेवढंच रंगवत बसतोस जन्मभर. हे रंगव की."

"लोक हसतील."

"हसू देत. हसायला तरी थांबतील. आत्ता तुझ्याकडे बघतंय कोण?"

मी मध्ये पडायचं नाही असं ठरवलं होतं, पण तोंडून निघून गेलंच, "काढ रे, मी शिडी धरतो." ते काम पुढे मला चांगलंच महागात पडलं, कारण ईस्टरच्या आधीचे सगळे उपासाचे दिवस मी त्याच्या शेडमध्ये शिडी धरून उभा होतो. गाडीला रंग कुठूनही सुरू केला तरी चालतो, पण त्याचा हात ऐकेना. आधी पांढऱ्या रेघा चिकटपट्टीने झाकल्या, मग सगळी टाकी पिवळी, पुन्हा पट्ट्या, मग नारिंगी, लाल, काळी. अंड्याचा क्रम सोडला नाही. शेवटी पट्ट्या ओढून काढल्या आणि आम्ही दोघं बघतच राहिलो. गव्हाच्या ओंब्या, चांदण्या, हरणं, आणि मधोमध, त्याच्या आईच्या अंड्यावर असायचं तसं, तीन क्रुसांचं चर्च.

तिथेच चुकलं. हात सवयीने गेला आणि हे अंडं कशावर बसलंय ते आम्हा दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

गाडी गावात शिरली तशी पोरं मागे धावली, मिकोला ट्रॅक्टरवरून उतरला. पण चर्चच्या हॉलसमोर ओल्हाआजी काठी आडवी धरून रस्त्यात उभी. हॉलचं स्वयंपाकघर तिच्या ताब्यात आणि अख्खा गाव तिच्या धाकात.

"देवाचं घर गुवाच्या गाडीवर?" ती कडाडली. "लाज सोडलीस का रे? माझ्या दारात यायचं नाही. आणि हॉलच्याही."

हॉलने नाही म्हटलं म्हणजे गावानेच नाही म्हटलं. ओरेस्त घरी आला तो पांढऱ्या रंगाचा डबा शोधायला लागला. "पुसतो सगळं आणि जातो उत्तरेला." ओरेस्तने डबा उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. मग म्हणाला, "तिलाच विचारतो. चला काका."

आम्ही गाडी थेट ओल्हाआजीच्या अंगणात नेली.

"आजी, काय पुसू ते तुम्हीच सांगा."

"कुणाकडून रंगवून घेतलंस हे?"

"मीच काढलंय."

आजीने त्याच्या हातांकडे पाहिलं, टाकीकडे पाहिलं. मग आत जाऊन चष्मा आणि स्टूल घेऊन आली आणि काठीने दाखवायला लागली.

"चर्च पूस. क्रूस पूस. चांदण्या राहू देत, त्या कुणाच्याही डोक्यावर असतात. ह्या हरणाला काय झालंय? लंगडतंय का? तुझ्या आईने कान पिळला असता."

"शिडी हलली, आजी." त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. कृतघ्न!

"चर्चच्या जागी काय काढू?" त्याने विचारलं.

"अंड्यांवर असते तशी कोंबडीच्या पायांची नक्षी काढ. पिल्लं राखते ती. आणि खालून गोल फिरणारी न संपणारी रेघ घे. तुझं काम तरी कुठे संपतंय? लोक काय खायचे थांबणार आहेत?" स्वतःच्याच बोलण्यावर ती इतकी हसली की स्टूल डुगडुगलं. हसू ओसरल्यावर म्हणाली, "माझ्या टाकीचं झाकण घरामागे आहे. आलाच आहेस तर उपसून जा. पण पाइप माझ्या वाफ्यावरून ओढायचा नाही."

ओरेस्तने चर्च पुसून तिथे कोंबडीचे पाय काढले. आजीच्या अंगणात गाडी उभी होती, एवढं गावाला पुरलं. ओरेस्त पुन्हा फोनवर "हं" म्हणायला लागला आणि फोन करणारे "ती अंड्याची गाडीच पाठव" म्हणायला लागले, जसं काही त्याच्याकडे दुसरी होती! उत्तरेचं नाव मग त्या घरात निघालं नाही.

शरद ऋतूत हॉलमध्ये गावजेवण असतं. लांबलांबून लोक टर्की आणि बटाटा भरून उकडलेली वारेनिकी खायला येतात. ऐन गर्दीत हॉलची टाकी भरली आणि ओरेस्तला बोलावणं गेलं. तो गाडी गुपचूप मागल्या बाजूला नेत होता. ओल्हाआजी पिठाच्या हातांनी दारात आली.

"कुठे लपवतोस? काम झालं की पुढे आणून लाव," ती ओरडली, "लोकांना दिसली पाहिजे. आणि हात धुऊन जेवायला ये!"