भनपुरीच्या मुंगीचं लेबल

“ये लेबल किसने लिखा था?” आमच्या विभागाच्या हेड सरांनी विचारलं. मी पल्लवीकडे पाहिलं.

पल्लवी माझी पीएचडीची विद्यार्थिनी, इथल्याच बूढ़ापारा मोहल्ल्यातल्या मराठी घरातली. टेबलावर परदेशातल्या एका तज्ज्ञाचा मेल होता. त्यात लिहिलं होतं, आम्ही नवं जीनस म्हणून छापलेली मुंगी त्यांच्याकडे कधीपासून माहीत आहे.

जीनस म्हणजे मुंगीचं आडनाव समजा. नवी स्पीशीज सापडली तर घरात बाळ आलं. नवं जीनस म्हणजे नवं घराणंच. तीस वर्षं मुंग्या पाहून मला एक घराणं हवं होतं.

भनपुरीच्या आरा मशीनवर, जिथे लाकूड चिरतात तिथे, एका ओंडक्यात पल्लवीला या मुंग्या मिळाल्या. मुंगी कागदाच्या तिकोनी तुकड्यावर चिकटवतात, त्यातून टाचणी घालतात, खाली लेबल लावतात. कुठे, कधी, कशात मिळाली ते. तिनं लिहिलं होतं, ‘भनपुरी, जहाजातून आलेल्या लाकडात.’

“सर, पहले बाहर की चींटियों से मिला लें?” तिनं तेव्हाच विचारलं होतं.

“काहून? मले अँटेनाचे सांधे मोजून जीनस सांगता येत नाही का? तोवर दुसरा कोणी छापून टाकीन.”

लेबलं टाइप करताना मी फक्त ‘भनपुरी’ ठेवलं. सुटसुटीत दिसतं, असं मनाला सांगितलं. खरं म्हणजे ते लाकूड मला नडत होतं. जहाज हा शब्द दिसला की जर्नलचे परीक्षक आधी बाहेरच्या मुंग्या तपासायला लावणार. जुनं लेबल टाचणीवरून कधी काढायचं नसतं, हे मीच शिकवतो. मी ते काढून ड्रॉवरमध्ये टाकलं.

“आजकल के बच्चे लेबल तक नहीं लिख पाते,” आता हेड सर त्या नुसत्या ‘भनपुरी’कडे बघत म्हणाले. पल्लवीनं मान खाली घातली. थीसिसचा मुख्य चॅप्टर गेला होता तिचा, त्यावर हे. तरीही माझं तोंड उघडलं नाही.

जिन्यात तिनं एवढंच विचारलं, “सर, मेरा वाला लेबल है ना?”

मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी परत वर गेलो. “सर, उसने सही लिखा था. हटाया मैंने.”

चूक झाली की दुरुस्ती छापावी लागते. ती पल्लवीनं लिहिली. त्यातली एक ओळ दाखवून म्हणाली, “ये रहने दूँ?” मूळ लेबल पहिल्या लेखकानं काढलं होतं, अशी ती ओळ होती. पहिला लेखक मीच.

“हव, राहू दे.”

चॅप्टर नव्यानं लिहिण्यात तिचं वर्ष गेलं. आमच्या कामात चुकीचं नावही पुसत नाहीत. खऱ्या नावाखाली ते कायम लिहिलेलं असतं, सोबत ते नाव देणाऱ्याचंही. नव्या पोरांना मी आता सांगतो, जी नोंद आपल्याला नडते तीच आधी लिहा. कोणी उदाहरण मागितलं, तर माझंच देतो.