आधी घोडी

जीम्स कॉरिगल लढाऊ जहाजावर एका होडीचा तांडेल होता. त्याच्या वाट्याला आलेलं काम कुणी मागून घेतलं नसतं.

जहाजावर एकच माणूस बसेल अशी चिमुकली विमानं होती, शत्रूच्या वायूने भरलेल्या हवाई जहाजांच्या मागे लागायला केलेली. परतताना समुद्रावर उतरता यावं म्हणून त्यांना चाकांच्या जागी दोन लाकडी होडकी बसवलेली. आता होडक्यांवर बसून कुणी डेकवरून धावतं का? म्हणून पोटाखाली चाकांची एक गाडी सरकवायची. खलाशी तिला घोडी म्हणत. विमान फळ्यांवरून धावत जाऊन टोकाशी उडे, घोडी सुटून पाण्यात पडे आणि बगलेच्या हवाबंद डब्यांवर तरंगत राही. पाणबुड्यांच्या भीतीने जहाज थांबत नसे; आधीच पाण्यात सोडलेल्या होडीने कॉरिगलने ती घोडी ओढून आणायची. घोडी एकच होती. ती नसेल तर पुढचं विमान डेकवरच बसून राहणार. तेव्हा कप्तानाचा हुकूम असा, की काहीही होवो, आधी घोडी.

वसंतात लेफ्टनंट व्हर्नीचं विमान उडता उडता खोकलं आणि नाकावर पाण्यात गेलं. कॉरिगलने क्षणभरही विचार केला नाही. होडी वळवली आणि पोराला कॉलरला धरून वर घेतलं. ओठ निळे पडलेला व्हर्नी त्याच्या गळ्याला मिठी मारून आईला हाका मारत होता. तोवर घोडी वाहत जाऊन खडकावर आपटली आणि तिच्या फळ्या फळ्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर चौकशी. केस नीट विंचरून व्हर्नी उभा होता. कप्तानाने विचारलं, "तुम्हाला थोडं थांबता आलं असतं का?"

"हो साहेब," व्हर्नी म्हणाला. "मी थांबू शकलो असतो. यांनी घोडी आधी घ्यायला हवी होती."

त्याला पुन्हा विमान हवं होतं, आणि कप्तानाची मर्जी राखल्याशिवाय ते मिळणार नव्हतं. माणूस इतका हलका होऊ शकतो! कॉरिगलच्या बाहीवरची हुद्द्याची फीत तिथल्या तिथे उसवली गेली आणि रजा रद्द झाली. काम मात्र तेच राहिलं, कारण ऑर्कनी बेटांभोवतीच्या त्या पाण्यातले प्रवाह तिथेच वाढलेल्या त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हते.

रजा त्याला बायकोसाठी हवी होती. टॉमसिना छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळली होती. त्यांचं स्ट्रॉन्से बेट होडीने सकाळी निघालं तर दुपारी गाठता येईल इतकं जवळ. हा डेकवर गंज खरवडत होता आणि ती तिकडे जग सोडून गेली. सासूचा निरोप टपालाच्या होडीवाल्याने आणला, तोही शब्दाला शब्द. "समुद्राच्या तोंडातला माणूस काढलास. समुद्राने त्याच्या बदली माझी पोर नेली. आता ये, नाहीतर कधीच येऊ नकोस."

बेटावर म्हातारे असं मानत. बुडणाऱ्याला हात द्यायला कचरत. कॉरिगल त्यांना हसायचा. आता हसू आटलं होतं. घरी पाच वर्षांची इंगा होती, आजीच्या हाताखाली वाढत असलेली. तिला भेटायला जायचं, एवढंच त्याच्या डोक्यात उरलं, आणि रजा कप्तानाच्या मुठीत होती.

शरद ऋतूत नवी घोडी आली आणि व्हर्नी पुन्हा उडाला. यावेळी पंखाचं टोक लाटेला लागलं. विमान उलटून फुटलं. घोडी एका हाताला तरंगत होती आणि दुसऱ्या हाताला, तिच्याहून जवळ, तुटक्या होडक्याला धरून व्हर्नी.

"तांडेल, वळव!" वल्ह्यावरचा हडी नावाचा खलाशी ओरडला. "माणूस जवळ आहे!"

"हुकूम काय आहे?"

"खड्ड्यात गेला हुकूम! अरे, तो हाका मारतोय!"

"थांबू शकतो तो," कॉरिगल म्हणाला. "त्यानेच सांगितलंय, साहेबांसमोर. तूही होतास की तिथे. वल्हं मार."

"कॉरिगल!" पाण्यातून हाक आली. व्हर्नीने त्याला नावाने हाक मारायची ती पहिलीच वेळ. "कॉरिगल, अहो, इकडे!"

कॉरिगल घोडीपाशी पोचला. तिला दोर बांधला. गाठ पक्की होती, तरी त्याने ती सोडली आणि पुन्हा बांधली. हडी वल्हं टाकून रडत होता. होडी मागे फिरली तेव्हा लाकडी होडकं तेवढं तरंगत होतं आणि त्यावर चामड्याचा एक हातमोजा अडकलेला होता.

कप्तान भलताच खूश झाला. याला म्हणतात शिस्त, असं सगळ्यांना ऐकवून त्याने फीत परत दिली, रजाही दिली. जेवायला हडी कॉरिगलच्या शेजारून उठून दुसऱ्या बाकावर गेला. त्याच्यामागे बाकीचेही उठले. कॉरिगलने एकट्याने जेवण संपवलं.

स्ट्रॉन्सेला सासू दारातच उभी होती. टपालाच्या होडीवाल्याने बातमी आधीच पोचवली होती. तिने त्याला शेगडीजवळ बसवलं आणि ओटची भाकरी व सुक्या मासळीचा सगळ्यात मोठा तुकडा पुढे ठेवला. टॉमसिना होती तेव्हाही तिने त्याला इतकं मानाने कधी वाढलं नव्हतं.

"ऐकलं मी," ती म्हणाली. "समुद्राचं समुद्राला परत दिलंत. बरं केलंत, जावईबापू."

इंगा कोपऱ्यातून पुढे आली. उन्हाळाभर आजीच्या तोंडून ती सगळा हिशेब ऐकत आली होती. बापाच्या गुडघ्यावर हात ठेवून तिने विचारलं, "बाबा, तो माणूस समुद्राला परत दिलात ना? मग आता आई कधी येणार?"

सासूने भाकरीचा तुकडा मोडून पोरीच्या हातात कोंबला.

"गप खा," ती म्हणाली.

इंगाने तो खाल्ला नाही. तुकडा मुठीत धरून ती उंबऱ्यावर जाऊन बसली आणि धक्क्याकडे बघत राहिली.